हप्ता चाळीस महिन्यांचा, व्हिसा नोकरीचा: दुबईत घर घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याचं जोडपं, गेली नऊ वर्षं शारजात भाड्याने राहतं, दोघेही नोकरी करतात, एक मुलगी पाचवीत. दोघांचा मिळून पगार महिना 28,000 दिरहम, घरभाडं 5,500. शिल्लक साडेतीन लाख दिरहम. दुबईत बांधकाम चालू असलेल्या इमारतीत 12 लाख दिरहमचा वन बेडरूम फ्लॅट एजंटने दाखवलाय. बुकिंगला 20 टक्के, मग दरमहा एक टक्का असे 40 महिने, ताब्याच्या वेळी उरलेले 40 टक्के. "पाचेक वर्षांत भारतात परतायचा विचार आहे. फसवणूक होणार नाही ना, आणि आणखी काय धोके आहेत? गुरुवारी टोकन द्यायचं आहे."

दादा, आधी फसवणुकीबद्दल बोलून घेऊ, कारण तुमची मुख्य भीती तीच दिसते. माझं उत्तर वेगळ्याच ठिकाणी जाणार आहे.

मी 2006 मध्ये दुबईत आलो, आधी एका बँकेच्या गृहकर्ज विभागात होतो आणि नंतर गेली कित्येक वर्षं खरेदीदारांच्या बाजूने कागद तपासण्याचंच काम करतोय. 2008 च्या उन्हाळ्यात मी स्वतः असाच एक फ्लॅट बुक केला होता. रांगेत उभं राहून, फक्त नकाशा बघून. इमारत जमिनीतून वर आलीच नाही. 2009 मध्ये इथले भाव वर्षभरात जवळपास निम्म्यावर आले, प्रकल्पांमागून प्रकल्प थांबले, आणि माझे पैसे परत मिळायला चार वर्षं गेली, तेही पूर्ण नाहीत. म्हणून हे सगळं मी काठावरून सांगत नाहीये.

त्या काळापेक्षा आज कायदा आणि त्याची अंमलबजावणी पुष्कळ बरी आहे. 2007 च्या 8 क्रमांकाच्या कायद्याने प्रत्येक बांधकामाधीन प्रकल्पाला स्वतंत्र एस्क्रो खातं सक्तीचं केलं. तुमचे पैसे बिल्डरच्या खिशात न जाता त्या खात्यात जातात आणि बांधकाम जसं पुढे सरकेल तसे बाहेर पडतात. इमारत पूर्ण झाल्यावरही त्यातले पाच टक्के वर्षभर अडकवून ठेवतात. म्हणून पहिला नियम: चेक किंवा ट्रान्सफर त्या एस्क्रो खात्याच्याच नावाने. एजंटच्या नावाने नाही, त्याच्या कंपनीच्या नावाने नाही, "तात्पुरतं" म्हणून सेल्स मॅनेजरच्या नावानेही नाही. दुबई लँड डिपार्टमेंटचं दुबई रेस्ट नावाचं ॲप आहे. त्यात प्रकल्पाचं नाव टाकलं की नोंदणी आहे का आणि बांधकाम किती टक्के झालंय ते दिसतं, एजंटचं कार्ड खरं आहे का तेही कळतं. अर्ध्या तासाचं काम आहे. आपल्याकडे सातबारा बघितल्याशिवाय कुणी इसार देत नाही, तसंच हे.

जागा फ्रीहोल्ड विभागात आहे का तेही बघा. 2006 च्या 7 क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला ठरवून दिलेल्या विभागांतच पूर्ण मालकी मिळते. ज्या करामा, देरा भागांत आपली माणसं पिढीभर राहिली, तिथे बहुतेक ठिकाणी आपल्याला घर घेता येत नाही. जुमेरा व्हिलेज सर्कल, मरीना, इंटरनॅशनल सिटी अशा ठिकाणी येतं. शारजाचे नियम वेगळे आहेत, दुबईचं ऐकून शारजात सही करू नका.

एवढी तपासणी केली की उघड फसवणुकीचा धोका बराच कमी होतो. आता खरी गोष्ट.

तुमचा इथला मुक्काम नोकरीवर आहे आणि हप्ता चाळीस महिन्यांचा आहे. मला दिसलेली बहुतेक नुकसानं या एका विसंगतीतून झाली आहेत. बिल्डर चांगला होता, प्रकल्प उभा राहिला, कागद स्वच्छ होते, आणि तरी माणूस बुडाला, कारण अठराव्या महिन्यात कंपनीने नोकरी संपल्याचं पत्र दिलं. पुण्यात नोकरी गेली तर माणूस घरीच असतो, दुसरी शोधतो. इथे नोकरी गेली की व्हिसा रद्द होतो, त्याच्यावर असलेला बायको-मुलांचा व्हिसाही जातो आणि सवलतीच्या मुदतीत दुसरं काही जमलं नाही तर सामान बांधावं लागतं. हप्ता मात्र तुमच्या मागे साताऱ्यापर्यंत येतो.

तुमचेच आकडे मांडतो. बुकिंगचे 20 टक्के म्हणजे 2,40,000. लँड डिपार्टमेंटची नोंदणी फी चार टक्के, म्हणजे 48,000, तीही सुरुवातीलाच. साडेतीन लाखांतून 2,88,000 पहिल्याच फटक्यात गेले, हातात उरले 62,000. पुढच्या महिन्यापासून हप्ता 12,000 आणि भाडं 5,500, मिळून 17,500. शाळेची फी, गाडी, किराणा, साताऱ्याला जाणारे पैसे यांचे 7,000 धरले तर महिन्याचा खर्च साडेचोवीस हजार. म्हणजे उरलेली सगळी शिल्लक अडीच महिन्यांची. दोघांचेही पगार थांबले तर अडीच महिने.

"ग्रॅच्युइटी आहे की," असं मला प्रत्येक जण म्हणतो. ती मोजून बघा. पहिली पाच वर्षं वर्षाला 21 दिवस, पुढे वर्षाला 30 दिवस, आणि तीही फक्त बेसिक पगारावर. नऊ वर्षांचे झाले 225 दिवस. बेसिक 12,000 असेल तर रोजचे 400, म्हणजे एकूण 90,000 दिरहम. साडेसात हप्ते. 2023 पासून नोकरी जाण्याचा जो सक्तीचा विमा आहे तो बेसिकच्या 60 टक्के देतो, तीन महिने. तुमच्या बाबतीत महिना 7,200. पूर्ण हप्तासुद्धा नाही.

आता हप्ता थांबला तर काय होतं, ते एजंट सांगत नाही. बऱ्याच जणांची समजूत अशी की फार तर भरलेल्या पैशांतले थोडे कापून बाकीचे मिळतील. 2008 चा 13 क्रमांकाचा कायदा आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्या काय म्हणतात ते नीट वाचा. बिल्डर लँड डिपार्टमेंटला कळवतो, तिथून तुम्हाला 30 दिवसांची नोटीस येते. तेवढ्यात भरलं नाही तर करार रद्द होऊ शकतो, आणि बिल्डरला किती ठेवून घेता येतं ते बांधकामाच्या टप्प्यावर ठरतं. काम 60 टक्क्यांपेक्षा कमी झालेलं असेल तर फ्लॅटच्या किमतीच्या 25 टक्क्यांपर्यंत. 60 च्या पुढे गेलेलं असेल तर किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंत. लक्षात घ्या, भरलेल्या रकमेच्या नव्हे, किमतीच्या.

समजा तुम्ही बुकिंग आणि बारा हप्ते भरले, म्हणजे 3,84,000, आणि मग थांबलात. काम 50 टक्क्यांवर असेल तर बिल्डर 3,00,000 ठेवू शकतो, तुम्हाला 84,000 परत. तेही लगेच नाही. रद्द झाल्यापासून वर्षाच्या आत, किंवा तो फ्लॅट पुन्हा विकला गेल्यावर 60 दिवसांत, यातलं जे आधी होईल तेव्हा. काम 65 टक्क्यांवर असेल तर 40 टक्के म्हणजे 4,80,000, तुमच्या भरलेल्या रकमेपेक्षा जास्त. हातात शून्य. नोंदणीचे 48,000 दोन्हीकडे गेलेच. इमारत जितकी वर जाते तितका तुमचा धोका वाढतो, हे उलटं गणित लोकांना पटत नाही, कारण साइटवर जाऊन वाढणारे मजले बघताना आनंदच होतो.

2020 मध्ये रत्नागिरीकडच्या एका गृहस्थांची फाइल माझ्याकडे आली होती. हॉटेल व्यवसायात चांगल्या हुद्द्यावर, चौदा वर्षं दुबईत. करोनात हॉटेलं बंद झाली, नोकरी गेली. फ्लॅटचं काम सत्तर टक्क्यांच्या पुढे होतं. त्यांना वाटत होतं की आपण पस्तीस टक्के भरलेत, म्हणजे पस्तीस टक्के घर आपलं आहे. मी त्यांना कायद्याचं ते कलम वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर विचारलं, "मग मी पाच वर्षं काय भरत होतो?" तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे, आणि तुम्हाला एवढं लांबलचक लिहिण्याचं कारणही तोच आहे.

"अडचण आली तर मध्येच विकून टाकू," हा एजंटचा दुसरा दिलासा. बांधकाम चालू असताना फ्लॅट विकायला बिल्डरचं ना-हरकत पत्र लागतं, आणि करारात बहुतेक अट असते की किमतीच्या 30 किंवा 40 टक्के भरल्याशिवाय ते मिळणार नाही. तुम्ही नेमके त्या टप्प्याच्या आत अडकलेले असता. शिवाय गिऱ्हाईक कोणाकडे जाईल? तोच बिल्डर शेजारच्या प्लॉटवर नवी इमारत घेऊन उभा असतो, त्याहून सोप्या हप्त्यांवर. तुमच्याकडचा फ्लॅट घेणाऱ्याला तुम्ही भरलेली रक्कम एकरकमी द्यावी लागते, बिल्डरकडे दहा-वीस टक्क्यांत काम होतं. तेजीत हे चालून जातं. 2014 नंतर इथे सहा वर्षं भाव हळूहळू घसरतच होते, त्या काळात असे फ्लॅट तोट्यातही हलत नव्हते.

एजंट एवढा आग्रह का करतोय तेही सांगतो. तयार घर घेताना साधारण दोन टक्के दलाली तुम्ही देता. बांधकामाधीन घरात तुम्हाला "दलाली शून्य", कारण ती बिल्डर देतो, आणि बहुधा दोन टक्क्यांहून बरीच जास्त देतो. तो एजंट मुलगा वाईट असेल असं नाही. पण तो तुमच्या बाजूने बसलेला नाही, हे ध्यानात असू द्या.

त्याने 8 टक्के उत्पन्न सांगितलं असेल. 12 लाखांवर 8 टक्के म्हणजे वर्षाला 96,000 भाडं. आजूबाजूच्या तयार वन बेडरूमचं भाडं काय आहे ते स्वतः बघा. उदाहरणादाखल 75,000 धरू. त्यातून सर्व्हिस चार्ज वजा करा, म्हणजे आपल्याकडचा मेंटेनन्स. तो इथे चौरस फुटावर असतो आणि तो भरावाच लागतो. 700 फुटांना 16 दिरहमने 11,200. सांभाळणाऱ्या कंपनीचे पाच टक्के 3,750. वर्षात एक महिना रिकामा, 6,250. किरकोळ दुरुस्ती 3,000. उरले 50,800. तुमची खरी किंमत नोंदणीसह 12,48,000, म्हणजे उत्पन्न चार टक्क्यांच्या आसपास. इमारतीत डिस्ट्रिक्ट कूलिंग, म्हणजे अनेक इमारतींना एकाच ठिकाणाहून थंडावा पुरवण्याची सोय, असेल तर घर रिकामं असतानाही थंडाव्याचा ठरावीक आकार भरावा लागतो. तो कोण भरणार, भाडेकरू की तुम्ही, हे आधी विचारा.

ताब्याच्या वेळचे 40 टक्के म्हणजे 4,80,000. तिथे बँकेचं कर्ज गृहीत धरलं आहे. नोकरी असेल तर ते मिळेल. तयार घरावर परदेशी पगारदाराला पहिल्या घरासाठी 80 टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा आहे, रकमेच्या मानाने तुमची गरज कमीच आहे. पण मंजुरी त्या दिवशीच्या नोकरीवर मिळते, आजच्या नाही. आणि पाच वर्षांत परतायचं म्हणता, म्हणजे ताबा आणि परतीचं तिकीट एकाच सुमाराला येणार. ताबाही सांगितलेल्या तारखेला मिळेलच असं नाही. करारात सहा महिने ते वर्षभराची वाढीव मुदत बिल्डरने आधीच लिहून ठेवलेली असते.

परतल्यावरचा भारताकडचा हिशेब. अनिवासी असताना, इथल्या कमाईतून घेतलेलं घर परत गेल्यावरही ठेवता येतं. परकीय चलन कायद्याचं कलम 6(4) तशी स्पष्ट मुभा देतं. पैसे कुठून आले त्याचा पुरावा, म्हणजे पगाराची बँक स्टेटमेंटं आणि सगळ्या पावत्या, जपून ठेवा. मात्र हप्ते चालू असताना परत गेलात तर गोष्ट बदलते. तिथून पैसे पाठवायचे म्हणजे वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा, आणि वर्षभरात दहा लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, आगाऊ कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. ताब्याचे 4,80,000 दिरहम आजच्या भावाने एक कोटी रुपयांच्या वर जातात, त्यावर किती कापले जातील ते मोजा. क्रेडिट कार्डाने भरून मोकळं व्हायचा सल्ला कुणी दिला तर तिथून उठा.

दिरहम डॉलरला 3.6725 ला बांधलेला आहे. 2010 च्या सुमारास साडेबारा रुपयांना मिळणारा दिरहम आज 23 च्या पुढे आहे. पगार दिरहममध्ये आहे तोवर हे तुमच्या फायद्याचं. पगार रुपयांत आणि हप्ता दिरहममध्ये, असं झालं की तोच चाकू उलटा फिरतो.

आणि पूर्ण रहिवासी झाल्यावर दुबईचं भाडं भारतातल्या विवरणपत्रात दाखवायचं, ते घर परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दरवर्षी लिहायचं. घर रिकामं असलं तरी. 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली हा रकाना भरला नाही तर दहा लाख रुपये दंड होऊ शकतो, आणि 20 लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेवर हा दंड न लावण्याची 2024 ची सवलत स्थावर मालमत्तेला लागू नाही. प्रामाणिक माणसं फक्त माहीत नसल्यामुळे यात सापडतात.

एक विषय तुमच्या प्रश्नात नव्हता, पण वहिनींनाही हे वाचायला द्या. घर दोघांच्या नावावर असलं की एकाच्या मागे दुसऱ्याचं आपोआप होतं, ही समजूत इथे चालत नाही. गेलेल्याचा हिस्सा वारसाहक्काच्या वाटेने कोर्टातूनच जातो, आणि दरम्यान बँक खातीही गोठवली जातात. फेब्रुवारी 2023 पासून बिगर-मुस्लिमांसाठी नवा कायदा आहे: मृत्युपत्र नसेल तर निम्मं जोडीदाराला, निम्मं मुलांना. अल्पवयीन मुलीच्या नावावर निम्मा हिस्सा गेला की आईला तो विकताना कोर्टाची परवानगी लागते. म्हणून घर घ्याल त्याच महिन्यात इथे नोंदवलेलं मृत्युपत्र करा. डीआयएफसी, म्हणजे दुबईच्या आंतरराष्ट्रीय आर्थिक केंद्राच्या मृत्युपत्र केंद्रात होतं, दुबई कोर्टातही होतं. साताऱ्यात वकिलाकडे केलेलं मृत्युपत्र इथे लागू करून घ्यायला भाषांतर, साक्षांकन, फेऱ्या, यात त्या माउलीचं वर्ष जाईल. कोकणातले आपले मुस्लिम बांधव इथे फार मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्यासाठी शरियतचे हिस्से लागू होतात आणि त्यांचा सल्ला वेगळा घ्यावा लागतो. डीआयएफसीचं मृत्युपत्र त्यांना करता येत नाही.

मग घर घ्यायचंच नाही का? तसं मी म्हणत नाही. मी स्वतः 2013 मध्ये घेतलं आणि त्यात अजून राहतो. तयार इमारतीत घेतलं. तुमच्या परिस्थितीत हा फ्लॅट, या हप्त्यांवर, आत्ता घेऊ नका, असं मात्र स्पष्ट सांगतो. घ्यायचंच असेल तर तयार घर बघा, लहान असलं तरी चालेल. 20 टक्के भरणा, चार टक्के नोंदणी, दोन टक्के दलाली आणि किरकोळ खर्च, असे साधारण 27-28 टक्के रोख लागतील. सहा-सात लाखांचा स्टुडिओ धरला तर तुमच्या साडेतीन लाखांतून हे जमतं आणि दीड लाखाच्या वर शिल्लकही राहते. मुलीला घेऊन त्यात राहता येणार नाही हे मला कळतं, ते भाड्यानेच द्यावं लागेल. पण त्याचा कर्जाचा हप्ता भाडं भरू शकतं, आणि अडचण आली तर विकायला तुमच्या हातात टायटल डीड, म्हणजे मालकीचा दस्त असतो. भाडेकरू असलेलं घर राहायला म्हणून घेतलंत, तर त्याला बाहेर काढायला नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने बारा महिन्यांची नोटीस लागते, तीही ठरावीक कारणांसाठीच. त्यामुळे रिकामं आहे की भरलेलं, हे सौद्याआधी विचारा. सुरुवातीच्या 20 टक्क्यांच्या भरण्यासाठी पर्सनल लोन काढू नका. ते काढून आलेली माणसं मी परत जाताना पाहिली आहेत, घराशिवाय आणि कर्जासकट.

किंवा दोन वर्षं थांबा. हा 12,000 चा हप्ता स्वतःलाच भरा, स्वतःच्या खात्यात. चोवीस महिन्यांत 2,88,000 होतात. ओढाताण झाली तर घर परवडत नाही हे विनाखर्च कळेल, आणि जमलं तर साडेसहा लाखांच्या आसपास पुंजी हातात घेऊन तुम्ही सौद्याला बसाल.

गुरुवारचं टोकन पुढे ढकला. एजंटकडून एस्क्रो खात्याचा क्रमांक आणि विक्री कराराचा कोरा मसुदा मागवा. "बुकिंग केल्यावरच मिळतो" असं म्हणाला तर तेच उत्तर समजा. मसुदा मिळाला तर तीन कलमं शोधून मला पाठवा: हप्ता थांबल्यावर काय, ताब्याची वाढीव मुदत किती, आणि मध्येच विकायला किती टक्के भरलेले हवेत. त्यावर बसून बोलू.